चढ मोटरचा, धार पायांची

धारवाल्याची बायको म्हणायची, या माणसाची अक्कल डोक्यात नाही, पायांत आहे. यात अर्धी चेष्टा होती आणि अर्धं कौतुक, पण कौतुकाची बाजू ती त्याला कळू देत नसे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावत तो गावभर फिरायचा आणि ते काम खरोखरच हातांपेक्षा पायांचं होतं. सायकल जाड लोखंडी स्टँडवर चढवली की मागचं चाक अधांतरी राहतं. त्या चाकावरून एक पट्टा पुढे दांडीवर बसवलेल्या गोल दगडाला गेलेला असतो. सीटवर बसून पायडल मारलं की दगड फिरतो. आता पातं दगडाला टेकवणं काय, कोणीही करेल. दगड कुठे जोरात फिरवायचा आणि कुठे हळू, हे मात्र पायांना समजावं लागतं. पात्याच्या बुडाशी लोखंड जाड असतं, तिथे पाय नेटाने चालवायचे. टोक जवळ आलं की ते आपोआप मंदावले पाहिजेत, कारण टोक पातळ, लगेच तापतं, आणि तापलं की पोलादाचं पाणी उतरतं. पाणी उतरलेल्या पात्याला कितीही घासा, धार टिकत नाही.

हे सगळं तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, त्यांनी विचारलेलं असो वा नसो. कामापेक्षा त्याची बडबड जास्त वेळ चालायची. पण गंमत अशी की लोक ऐकायचे, निदान टेकडीवरचे तरी ऐकायचे.

गावाचे दोन भाग होते, खालचा बाजाराचा आणि वरचा टेकडीवरचा. खालची गिऱ्हाइकं घाईची. सुरी आणून टाकायची, भाजी घेऊन यायचं, सुरी उचलून चालू पडायचं. टेकडीवर घरं लांबलांब, रस्ता वळणावळणाचा, आणि माणसांना गप्पांची भूक. दर गुरुवारी तो वर जायचा. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळे, चहा मिळे, आजारपणं कळत, कोणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही हेही कळे. खाणावळीचा आचारी त्याच्याखेरीज कोणाला आपल्या सुऱ्यांना हात लावू द्यायचा नाही. वरच्या टोकाला शिंपीणबाई राहायच्या. त्यांची कापड बेतायची मोठी कात्री तर तो सगळ्यात शेवटी, हात धुऊन घ्यायचा. धारवाल्याला कोणी विचारलं असतं की तू कुठला, तर तो म्हणाला असता खालचा. पण त्याचा जीव गुरुवारात होता.

मग गुडघ्याने दगा दिला. आधी नुसती कळ यायची, पुढे जिना उतरताना तो कठडा धरू लागला. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, फोटो काढून घेतला आणि म्हणाले, "सपाटीवर सायकल चालवा, चांगलंच आहे. चढ मात्र बंद. सायकलवरून नाही आणि सायकल ढकलत तर मुळीच नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चला, सुटलात. आता खालीच बसा बाजाराच्या तोंडाशी. कोणाला गरज असेल तो येईल तुमच्याकडे."

"टेकडीवरची माणसं सुऱ्या घेऊन खाली उतरतील असं वाटतं तुला?"

"न उतरायला काय झालं? त्यांचे गुडघे शाबूत आहेत ना."

ती माणसं उतरली नाहीत असं नाही, पण उतरली ती दुसरीकडे गेली. बसथांब्याशेजारी एका दुकानात धारेचं मोठं मशीन आलं होतं. एका बाजूने सुऱ्यांचा गठ्ठा द्यायचा, दुसऱ्या बाजूने घ्यायचा. बसमधून उतरलं की समोरच. धारवाला एका गुरुवारी हट्टाने निघाला आणि दुसऱ्या वळणावर कठड्यावर बसून राहिला. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. खाली उतरून आला तेव्हा त्याचं तोंड असं पडलेलं होतं की बायकोने टोमणा तोंडातल्या तोंडात गिळला आणि गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

त्यानंतर तो बाजाराच्या तोंडाशी बसायला लागला आणि चिडचिडा झाला. जेवणात मीठ कमी, उशी कडक, शेजाऱ्यांचा दरवाजा वाजतो. बायकोच्या नाकी नऊ आले. टेकडी गेली तर आपल्यात उरतं काय, हा प्रश्न त्याला खात होता. आणि असलं काही बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो उशीवर राग काढत होता.

मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. दवाखाना नदीपलीकडे होता तेव्हा तिने एक बॅटरीची सायकल घेतली होती. साध्या सायकलवरून पूल चढून गेलं की ती घामाघूम होऊन पोचायची आणि पेशंटसमोर तशीच बसायची. बॅटरीच्या सायकलवरून ती इस्त्रीच्या कपड्यांत इस्त्रीसकट पोचू लागली. आता दवाखान्याने जागा बदलली होती, घरापासून दोन गल्ल्यांवर. ती चालत जायची आणि सायकल जिन्याखाली उभी होती.

"बाबा, तुम्ही घ्या ती," ती एक दिवस म्हणाली. "पायडल तुम्हीच मारायचं. ती फक्त साथ देते. चढावर जेवढा जोर लागतो त्यातला मोठा वाटा मोटर उचलते."

धारवाल्याने जिन्याखाली जाऊन सायकल पाहिली. रंग पोपटी. पुढे बास्केट. दांडी नाही, कारण ती बायकांची. "यावर बसून मी टेकडीवर जाऊ? लोक सुऱ्या बाजूला ठेवतील आणि मलाच बघत बसतील," तो म्हणाला. "आणि मोटरवर चढलो तर ती कसली मेहनत? उद्या कोणीतरी म्हणेल, चमचाभर जेवणही मोटरने भरवा."

"भरवलं असतं तर बरं झालं असतं," बायको म्हणाली. "निदान मिठावरून बोलणं तरी टळलं असतं."

तरीही संध्याकाळी, गल्लीत वर्दळ कमी झाल्यावर, तो ती घेऊन बाहेर पडला. नुसतं बघायला, असं सांगून. पहिलं पायडल मारलं आणि मागून कोणीतरी पाठीवर हात ठेवून हळूच ढकलावं तसं झालं. त्याने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पाण्याच्या टाकीकडचा चढ गेले कित्येक महिने त्याने टाळला होता, तो संपला कधी ते कळलं नाही. टाकीपाशी थांबून त्याने गुडघ्याला हात लावून पाहिला. गुडघा गप्प होता. तो एकदा उतरला आणि पुन्हा चढला, आणि मग आणखी एकदा. घरी यायला त्याला बराच उशीर झाला आणि दारातच तो म्हणाला, "ब्रेक जरा ढिले आहेत." मुलगी आणि बायको एकमेकींकडे बघून हसल्या. हा होकार होता.

दांडी नसल्याने दगड बसवायचा कुठे हा पेच पडला. वेल्डरने नळ्यांची एक चौकट करून हँडलच्या खाली आवळून दिली, जुन्या सायकलवरचा दगड, पट्टा आणि स्टँड काढून हिच्यावर चढवले. मुलीने हँडलवरचा छोटा पडदा दाखवला. "हे आकडे बघा. पाचावर मोटर सगळ्यात जोरात. शून्यावर ठेवलं की मोटर बंद, सायकल साधी. धार लावताना नेहमी शून्यावर ठेवायचं. विसरायचं नाही."

"मला शिकवू नकोस धार लावायला," तो म्हणाला.

गुरुवारी तो टेकडीवर पोचला तेव्हा त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. आचाऱ्याने पोपटी सायकलीला एक फेरी मारली आणि म्हणाला, "धारवाले, लेकीची पळवून आणलीत का?" धारवाला म्हणाला, "पळवली नाही, लेकीनेच मला पळवायला दिली." सगळ्यांना हसू आलं आणि विषय संपला. खुर्ची आली. चहा आला. त्या दिवशी तो इतका बोलला की खाणावळीतली भाजी करपता करपता राहिली.

आता या सायकलीचं सगळंच गोड होतं असं म्हणणं खोटं ठरेल. ती वजनाला म्हशीसारखी होती. स्टँडवर चढवायला जोर लागे आणि कधीकधी आचाऱ्याला हाक मारावी लागे. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि चार्ज करायला बॅटरी रोज वर न्यावी लागे, कारण जिन्याखाली प्लग नव्हता. "टेकडीवर ती मला ओढते," तो जिना चढताना कुरकुरायचा, "आणि जिन्यावर मी तिला." पुढे बॅटरी वर आणायचं काम मुलीने आपल्याकडे घेतलं. मागच्या चाकात मोटर, म्हणून पंक्चर झालं तर नाक्यावरचा सायकलवाला काखा वर करायचा. "वायरीला मी हात लावणार नाही. उद्या दिवे लागले नाहीत तर माझ्या नावाने ओरडाल," तो म्हणायचा, जणू अख्ख्या गावाचे दिवे त्याच चाकातून लागत होते. शेवटी मुलीनेच त्याला ती वायर कशी सोडवायची ते दाखवलं. आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा. तापाच्या माणसाचं अंग बघावं तसा धारवाला वळणावळणाला त्या रेघा बघायचा. एक रेघ कमी झाली की त्याचा चेहरा उतरायचा.

त्यात बायकोला ती सायकल आवडली. सुरुवातीला नुसतं औषध आणायला म्हणून तिने घेतली, मग पिठाची पिशवी, मग बहिणीकडे चक्कर. बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धापा टाकत येणारी ती बाई आता बास्केट भरून, साडीचा पदर खोचून, शेजाऱ्यांना हात करत येऊ लागली. नदीकाठच्या बाजारात भाजी ताजी मिळते हा शोध तिला इतक्या वर्षांनी लागला. नवरा म्हणायचा, रेघ कमी केलीस. ती म्हणायची, तुम्ही टेकडीवर चहा पिता, मी भाजी आणते, रेघ कोणी जास्त कारणी लावली? या वादाचा निकाल कधीच लागला नाही, पण घरात मिठावरून बोलणं बंद झालं.

चूक झाली ती सुखामुळे. एका गुरुवारी खाणावळीत सुऱ्यांचा ढीग होता. पडदा शून्यावर करायचं धारवाला विसरला आणि पायडलला पाय लावताच दगड भिरभिरला. त्याने दचकून पाय काढला, पण दगड क्षणभर फिरतच राहिला. मग त्याने पुन्हा पाय लावला, मुद्दाम. पायांना काही कामच नव्हतं. नुसते हलवले तरी दगड वाऱ्यासारखा. जाड सुऱ्या पटापट झाल्या, आचाऱ्याने टोमॅटोवर चालवून पाहिल्या आणि मान डोलावली. धारवाल्याने मनात म्हटलं, मुलगी उगाच घाबरवते. पुढच्या गुरुवारी त्याने आकडा शून्यावर केलाच नाही. त्याच्या पुढच्याही. गुडघ्याला आराम हवाच, डॉक्टरही तेच म्हणतात, असं तो स्वतःला समजावत होता. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते, पण ते काही तिथे नव्हते.

त्याच तिसऱ्या गुरुवारी तो शिंपीणबाईंकडे आला. शिंपीणबाई उंच, कमी बोलणाऱ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्या कोट शिवायच्या, आणि त्यांनी बेतलेला कोट अंगावर असा बसायचा की माणूस ताठ चालायला लागायचा. हातात धरली तर मनगट दमेल अशी त्यांची कात्री जड होती. ती त्यांना ज्या बाईंनी काम शिकवलं त्यांच्याकडून मिळालेली. त्यांनी ती व्हरांड्यात आणून धारवाल्याच्या हातात दिली आणि आत शिलाईला गेल्या.

त्याने हात धुतले. कात्रीचा खिळा सैल करून दोन्ही पाती वेगळी केली, बाहेरची उतरती बाजू दगडाला टेकवली आणि पाय हलवले. बुडाकडून टोकाकडे पातं सरकत गेलं. टोक जवळ आलं आणि पाय सवयीने मंदावले, अगदी थांबल्यासारखे झाले. पण या सायकलीची मोटर पायांचं ऐकत नाही. पाय थांबल्यावर ती क्षणभर आपल्याच तंद्रीत चालू राहते. दगड टोकावर तसाच घोंघावत राहिला. धारवाल्याने पातं उचललं तेव्हा टोकाला बोटाच्या पेराएवढी निळी झाक आली होती.

त्याला दरदरून घाम फुटला. टेकडी चढताना जो वाचला होता तो सगळा एकदम आला असावा. निळी झाक म्हणजे पाणी उतरलेलं पोलाद. जिथे कापडाला बारीक चीर द्यायची, खुणा पाडायच्या, नेमकं तिथलं टोक मेलं होतं.

ती झाक दिसेनाशी करणं सोपं होतं. ओल्या फडक्यावर थोडी दगडाची पूड घेऊन चोळलं असतं तर पातं पुन्हा चकचकीत झालं असतं. आज कात्री चालली असती, उद्याही. आठ-पंधरा दिवसांनी टोक कापड चावायला लागलं असतं, तेव्हा शिंपीणबाईंनी कापडाला दोष दिला असता, नाहीतर स्वतःच्या म्हातारपणाला. फडकं हाताशीच होतं. धारवाल्याने ते उचलून बाजूला ठेवलं आणि हाक मारली.

"बाई, जरा बाहेर येता?"

त्या आल्या. त्याने पातं पुढे धरलं. "हे टोक मी जाळलं. मोटर चालू ठेवून धार लावली. माझी चूक आहे."

शिंपीणबाईंनी चष्मा लावला, पातं उन्हाकडे धरून पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पातं परत त्याच्या हातात दिलं आणि विचारलं, "काही होईल याचं?"

"जळालेलं घासून काढावं लागेल. टोक आखूड होईल. आणि एक पातं आखूड झालं की दुसरंही तेवढंच करावं लागेल. घरी नेऊन करतो, दगडावर नाही, हाताने."

"पुढच्या गुरुवारच्या आत मिळणार नाही मग."

"नाही."

"माझ्याकडे कोट अडलाय," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

उतरताना त्याने मोटर लावली नाही, उताराला ती लागतही नाही, पण त्याला तिचं तोंडही बघायचं नव्हतं. टेकडीवर गोष्ट लपत नाही. शिंपीणबाई बोलल्या नाहीत तरी अडलेला कोट बोलेल. धारवाला आता मोटरवर धार लावतो, पाती जाळतो, असं म्हणतील, आणि मशीनवरच जाळून घ्यायची तर बसथांब्याचं दुकान काय वाईट आहे? त्याने स्वतःच्या हाताने स्वतःची टेकडी घालवली होती.

घरी येऊन त्याने जाहीर केलं, "सायकल विकून टाका."

बायकोने पिशवीतली भाजी काढता काढता विचारलं, "का? तिने काय केलं?"

त्याने सांगितलं. बायकोने हातातली भाजी खाली ठेवली. मुलगी सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, मोटर चढासाठी होती."

"शून्यावर केली की गुडघा आहेच माझा."

"गुडघा चढावर दुखतो. चाक अधांतरी असताना त्यावर कसलं ओझं? मोटरची सवय लागायच्या आधी शून्यावरच धार लावत होतात ना, तेव्हा दुखला का?"

तो रागावून खिडकीशी जाऊन बसला.

कात्रीचं काम त्याने सकाळच्या उजेडात, जमिनीवर बसून, निसण्यावर केलं. निसणा म्हणजे हातात मावणारा धारेचा सपाट दगड. पाणी शिंपडायचं, पातं ओढायचं, बोटाने ऊब तपासायची, पुन्हा पाणी. निळं पोलाद रोज केसाएवढं मागे सरकत होतं. बायको येता-जाता पाण्याची वाटी बदलून ठेवायची. निळं सगळं गेलं तेव्हा टोकाचा आकार नव्याने काढावा लागला, मग दुसरं पातं त्याच्या मापाला आणावं लागलं. शेवटचा हात फिरत्या दगडावरच द्यायला हवा होता, आणि फिरता दगड होता त्या सायकलीवर.

तो खाली गेला. पडदा शून्यावर केला. आकडा नीट वाचला, पुन्हा वाचला. पाय लावला आणि दगड सावकाश, कुरकुरत फिरायला लागला. तो गुडघ्यातली कळ कधी येते याची वाट बघत होता. ती आली नाही. पाय आधी अवघडलेले होते, मग हळूहळू त्यांना आठवलं. बुडाशी नेट, मध्ये संथ, टोकाशी जेमतेम. पाय थांबले की दगड थांबत होता. धारवाल्याला इतकं बरं वाटलं की कात्री झाल्यावर त्याने घरातल्या सगळ्या सुऱ्या खाली मागवल्या. बायको म्हणाली, "लाटण्यालाही लावा धार, तेवढंच राहिलंय."

गुरुवारी तो निघाला तेव्हा बॅटरीच्या दोनच रेघा होत्या. या धांदलीत ती वर आणायची राहून गेली होती, आणि बायकोची नदीकाठची भाजी होतीच. शेवटच्या वळणाच्या अलीकडे पडदा काळा झाला. मोटर गेली की ही सायकल साध्या सायकलीपेक्षाही जड. ढकलायला डॉक्टरांची बंदी होती, पण तिथे उभं राहूनही भागणार नव्हतं. चार पावलं टाकायची, थांबायचं, असं करत त्याने ते वळण काढलं. वाटेत खाणावळ लागली तिथे तो थांबला नाही. आचारी दारात नव्हता, आणि त्याला वाटलं, मुद्दामच नसेल.

शिंपीणबाईंच्या व्हरांड्यात पोचला तेव्हा गुडघा ठणकत होता. कात्रीचं पुडकं काढायला त्याने पिशवीत हात घातला आणि तसाच थांबला. व्हरांड्यातलं टेबल भरलेलं होतं. सुऱ्या, विळ्या, बागेच्या कात्र्या, कशाला फडकं गुंडाळलेलं, कशाला कागद. खाणावळीच्या सुऱ्या त्याने मुठींवरून ओळखल्या.

शिंपीणबाई दारात आल्या. "सगळ्यांना सांगितलं, इथेच आणून ठेवा म्हणून. दारोदार चढत-उतरत बसू नका तुम्ही. तुमची ती बॅटरीही वाचेल."

"मोटरवर पाती जाळतो म्हणून नाही सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं की. कोट का अडला ते सांगावंच लागलं."

धारवाल्याला काही कळेना. त्याने पुडकं टेबलाच्या कडेवर ठेवलं. "आणि तरी आणून ठेवल्या? तुम्ही अजून कात्री पाहिलीसुद्धा नाही. बिघडलेली असली तर?"

"बिघडलेली असती तर तुम्ही दारातूनच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी मला काय दिसलं होतं? मी तर आत होते."

त्यांनी पुडकं सोडलं, कात्री उघडून मिटली, आखूड झालेल्या टोकाकडे पाहिलं आणि आत घेऊन गेल्या. आतल्या टेबलावर कोटाचं राखाडी कापड पसरलेलं होतं. धारवाल्याने सायकल स्टँडवर चढवायचा प्रयत्न केला, त्याला ती उचलेना. शिंपीणबाई परत बाहेर आल्या, एका बाजूने हात लावला, सायकल वर बसली, आणि त्या पुन्हा आत गेल्या. पडद्यावर आज शून्यही नव्हतं. त्याने वरची पहिली सुरी उचलली आणि पाय फिरवायला सुरुवात केली.

आतून कात्रीचा आवाज येऊ लागला. लांब, सलग, कुठे न अडखळता कापड चिरत गेलेला, मग खुणेच्या बारीक चिरांचा टिचटिच. धारवाल्याचे पाय थांबले होते. तो ऐकत होता. कितीतरी चिरा झाल्या, आणि एकदाही कापड चावल्याचा आवाज आला नाही.

"धारवाले," आतून शिंपीणबाई म्हणाल्या, कात्री न थांबवता, "पुढच्या गुरुवारी जरा लवकर या. मला दुपारी बाहेर जायचंय."

"येतो," तो म्हणाला. मग त्याने सुरी पुन्हा दगडाला टेकवली.